अंगाला हात लावण्याची परवानगी कोण देतं आणि कोण काढून घेतं

डिचोली तालुक्यातून एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझी धाकटी बहीण पाठदुखीसाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे जात होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी सिस्टरला बाहेर पाठवलं आणि तपासणीच्या नावाखाली तिच्या छातीला नको तसा हात लावला. घरी येऊन ती दोन दिवस नीट जेवली नाही. आई म्हणते, गावात बोभाटा होईल, गणेश चवथीनंतर तिच्या लग्नाचं बघायचं आहे. बाबा म्हणतात, डॉक्टरच तो, तपासणीच असेल. पोलिसांत न जाता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते का? आणि कौन्सिल खरंच काही करतं, की ताकीद देऊन सोडून देतं?"

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तीस वर्षं गोव्यात प्रॅक्टिस केली, इस्पितळांच्या चौकशी समित्यांवर बसले, आणि अशा तक्रारी लिहिताना काही बायकांच्या शेजारीही बसले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. पोलिसांत गेलात किंवा नाही गेलात, तरी कौन्सिलकडे तक्रार करता येते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, आणि ते मी तुमच्या बाबांच्या वाक्यापासून सुरू करते. कारण बहुतेक घरांत तक्रार तिथेच अडते.

'तपासणीच असेल.' तर पाठदुखीची तपासणी कशी असते ते सांगते. डॉक्टर रुग्णाला उभं करून मागून पाठीचा कणा बघतात. अंगठ्याने एकेक मणका दाबत खाली येतात, कुठे दुखतं ते विचारतात. पुढे वाकायला सांगतात. मग टेबलावर उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलतात, गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, पायाच्या अंगठ्यातला जोर तपासतात, पावलाला कुठे बधिरपणा आहे का ते बघतात. यात छाती येत नाही. क्वचित येऊ शकते, हेही प्रामाणिकपणे सांगते. वय जास्त असेल, पाठदुखी रात्री वाढत असेल, वजन उतरलं असेल, तर स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरला नाही ना, ही शंका डॉक्टरला यायलाच हवी. पण मग तो आधी सांगतो: 'मला या कारणासाठी स्तन तपासायचे आहेत, चालेल का?' सिस्टरला आत बोलावतो. एका वेळी लागेल तेवढंच उघडायला सांगतो, बाकीचं चादरीने झाकतो. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, ठरलेल्या क्रमाने तपासतो. आणि नंतर केसपेपरवर लिहितो की दोन्ही बाजू तपासल्या, गाठ लागली किंवा लागली नाही.

शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. ज्याने खरंच तपासणी केली त्याने ती लिहिलेली असते. म्हणून माझा पहिला सल्ला असा: बहिणीचे सगळे केसपेपर मागून घ्या. कारण सांगायची गरज नाही, 'दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे आहेत' एवढं पुरे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे २००२ चे नियम आहेत, त्यांत रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असं आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. कागदावर 'पाठदुखी' आणि तीन गोळ्यांची नावं एवढंच असेल, तर 'मी छाती तपासली' हे डॉक्टरचं नंतरचं म्हणणं त्याच्याच हस्ताक्षरापुढे टिकायला कठीण जातं.

आता कौन्सिल. एमबीबीएस झालेला डॉक्टर आपलं नाव राज्याच्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नोंदवल्याशिवाय रुग्ण तपासू शकत नाही. गोव्यात हे काम गोवा मेडिकल कौन्सिलचं, १९९१ च्या कायद्याने स्थापन झालेलं. नोंदणी म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एका अनोळखी माणसाने सांगितलं आणि आपण पडद्याआड जाऊन कपडे उतरवले, असं आयुष्यात दुसऱ्या कुठे घडतं? समाजाने डॉक्टरला दिलेली ही परवानगी आहे आणि ती त्या रजिस्टरमधल्या नावावर उभी आहे. म्हणून कौन्सिलपुढचा प्रश्न कोर्टापुढच्या प्रश्नाहून वेगळा असतो. कोर्ट बघतं की गुन्हा निःसंशय शाबीत झाला का, आणि झाला तर शिक्षा किती. कौन्सिलने बघायचं असतं की उद्या सकाळी पडद्याआड जी पुढची रुग्ण जाणार, तिला या माणसाच्या हाती सोपवता येईल का. शिस्तभंगाच्या चौकशीत पुराव्याची कसोटीही वेगळी असते, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे हे पाहिलं जातं. फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी एकाच वेळी चालू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एका नोकरीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षी लैंगिक छळाच्या दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की अशा तक्रारी शब्दांच्या काटेकोर अर्थात न अडकता एकूण परिस्थिती बघून तपासाव्यात. त्यामुळे 'आधी कोर्टाचा निकाल लागू दे, मग बघू' असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. निकालाला वर्षं लागतात आणि दवाखाना मात्र रोज सकाळी उघडतो.

२००२ च्या नियमांतलं ७.४ हे कलम तुमच्या कामाचं आहे. पदाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी व्यभिचार किंवा अनुचित वर्तन करणं, किंवा रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणं, हे त्यात गैरवर्तन ठरवलं आहे. हे नियम बदलून नवे आणायचा प्रयत्न २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, पण सुमारे तीन आठवड्यांत नवे नियम स्थगित झाले आणि जुनेच पुढे चालू राहिले. मला या कलमातला 'व्यभिचार' हा शब्द फार खुपतो. जणू दोन माणसांनी मिळून काही चूक केली आणि तक्रार नवऱ्याची आहे. तुमच्या बहिणीने काहीही केलेलं नाही. तिचं प्रकरण 'अनुचित वर्तन' या शब्दांत बसतं, तक्रारीत तेच शब्द वापरा. आणि दुखणाऱ्या, घाबरलेल्या रुग्णाने 'हो' म्हटलं असं डॉक्टर सांगू लागला, तरी त्याला त्यामागे लपता येऊ नये. रुग्णाचं आजारपण, तिची गुपितं, तिची भीती हे सगळं डॉक्टरच्या हातात असतं आणि त्याच्याबद्दलचं काहीच तिच्या हातात नसतं. मानसोपचारात तर हे दहापट खरं आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १९९४ पासूनचा कायदा असा की रुग्णाशी ठराविक प्रकारचं लैंगिक कृत्य केल्याचं सिद्ध झालं की परवाना रद्द करावाच लागतो, समितीला दया दाखवायची मुभाच नाही, आणि पाच वर्षं पुन्हा अर्जही करता येत नाही. तिथे रुग्णाच्या संमतीची सबब चालत नाही. आपल्याकडे असं काही नाही. 'योग्य वाटेल ती शिक्षा' असं नियमात आहे, आणि तिचा पल्ला ताकीद देण्यापासून नाव कायमचं काढून टाकण्यापर्यंत आहे.

म्हणजे 'ताकीद देऊन सोडतात का' हा तुमचा संशय निराधार नाही. पण तक्रार कशी लिहिली आहे आणि काय मागितलं आहे, यावर बरंच काही ठरतं. बहुतेक लोक 'योग्य ती कारवाई करावी' एवढंच लिहितात. तुम्ही तीन गोष्टी स्पष्ट मागा. चौकशी चालू असताना त्याला ती विशिष्ट तपासणी किंवा प्रॅक्टिस करण्यापासून रोखावं, कारण नियम ८.५ तो अधिकार कौन्सिलला देतो. निर्णय सहा महिन्यांत व्हावा, कारण ८.४ मध्ये ती मुदत आहे. आणि नाव काढलं तर ते स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध व्हावं, हेही ८.२ मध्ये लिहिलेलं आहे. कौन्सिलवर बसलेले डॉक्टर भले असतात, पण कामाच्या गर्दीत असतात. नियमाचा आकडा लिहून मागितलेली गोष्ट नाकारायची तर त्यांना कारण द्यावं लागतं.

डॉक्टरांनीच डॉक्टरांचा न्याय करावा यातला धोका मला ठाऊक आहे, आणि तो परदेशातल्या दोन प्रकरणांत फार उघडपणे दिसला. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध २०१४ मध्ये तक्रार झाली. त्याच्या विद्यापीठाने चौकशी केली, तिथल्याच डॉक्टरांचं मत घेतलं, त्यांनी सांगितलं की ही उपचाराचीच पद्धत आहे, आणि तो सुटला. २०१६ मध्ये एका वर्तमानपत्राने ते बाहेर काढेपर्यंत त्याच्या खोलीत मुली जातच राहिल्या. २०१८ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या न्यायालयाने त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. फ्रान्समधला सर्जन जोएल ल स्कुआर्नेक तर त्याहून भयंकर. मुलांच्या अश्लील चित्रांबद्दल तो २००५ मध्येच दोषी ठरला होता, चार महिन्यांची शिक्षा स्थगित झाली. एका सहकारी डॉक्टरने धोक्याची सूचना दिली, डॉक्टरांच्या संघटनेपर्यंत ती पोचली, पण कुणी त्याला थांबवलं नाही. तो २०१७ पर्यंत शस्त्रक्रिया करत राहिला. २०२५ च्या मे महिन्यात २९९ रुग्णांवरच्या अत्याचारांबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली, त्यातले बहुतेक तेव्हा लहान मुलं होते. ही दोन्ही प्रकरणं वाचताना मला त्या दोघांइतकंच त्यांच्या शेजारच्या खोल्यांत बसलेल्या डॉक्टरांबद्दल वाटत राहिलं.

कारण त्या शेजारच्या खोलीत मीही बसलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इस्पितळाच्या चौकशी समितीत आम्ही तिघं होतो. तक्रार करणारी बाई सत्तरी तालुक्यातली, काजूच्या फॅक्टरीत कामाला, बोटं चिकाने काळी पडलेली. ताप आणि घसा दुखतो म्हणून आली होती. सांगताना तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती म्हणाली, "बाई, दोतोराने पडदा ओढला, पण सिस्टर पडद्याच्या भायर. मला तिची चप्पल दिसत होती." ती चप्पल निळी होती, पट्टा तुटलेला आणि सेफ्टी पिनने जोडलेला, हेही तिने सांगितलं. सिस्टरला बोलावलं. तिने आधी 'मी आतच होते' म्हणून सांगितलं, मग खाली आपल्या पायांकडे बघितलं आणि रडायला लागली. केसपेपरवर ताप, घसा आणि औषधं याखेरीज अक्षर नव्हतं.

आम्ही अहवाल लिहायच्या आत त्या डॉक्टरने राजीनामा दिला. प्रशासनाने तो लगेच स्वीकारला, चांगल्या वर्तणुकीचं पत्रही दिलं, आणि आम्हाला सांगण्यात आलं की कर्मचारीच उरला नाही तर चौकशी कुणाची करायची. फाइल बंद झाली. तो दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथे प्रॅक्टिस करू लागला. नोकरी सुटली तरी रजिस्टरमधलं नाव तसंच राहतं, हे मला माहीत होतं. २००२ च्या त्याच नियमांत १.७ हे कलम आहे: सहकाऱ्याचं अनैतिक वर्तन डॉक्टरने कुणाची भीड न धरता उघडकीला आणावं. तेही माहीत होतं. कौन्सिलला एक पत्र लिहिणं माझ्या हातात होतं आणि मी ते लिहिलं नाही. लहान राज्य, सगळे एकाच कॉलेजातले, लग्नाकार्यात भेटणारे; ही कारणं तेव्हा मला मोठी वाटली. त्या बाईने सगळं नेमकं सांगितलं होतं. कमी पडलो ते आम्ही. तेव्हापासून अशा प्रत्येक प्रकरणात मी पत्र लिहिते, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला, मुलीला हे कलम वाचायला लावते.

म्हणून डॉक्टर राजीनामा देऊन गेला, दवाखाना बंद केला, गाव बदललं, तरी तक्रार मागे घेऊ नका.

तक्रार देण्याआधी एक गोष्ट तपासा: तो नेमका कुठला डॉक्टर आहे? गावात सगळेच 'डॉक्टर' असतात. नियमाप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायला हवा. एमबीबीएस किंवा त्यापुढची पदवी असेल तर मेडिकल कौन्सिल. बीएएमएस, बीएचएमएस असेल तर त्यांची नोंदणी वेगळ्या मंडळाकडे, दाताच्या डॉक्टरची डेंटल कौन्सिलकडे. चुकीच्या दारात दिलेला कागद महिनोन्महिने पडून राहिलेला मी पाहिला आहे.

पोलिसांचं म्हणाल तर तो निर्णय तुमच्या बहिणीचा. तिचा म्हणजे तिचाच, तुमचा किंवा आईचा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमात अशा स्पर्शासाठी एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. इस्पितळातल्याच माणसाने तिथल्या स्त्रीवर बलात्कार केला तर कलम ६४ खाली किमान दहा वर्षं. बलात्कारात न बसणारा, पण पदाचा वापर करून ठेवलेला शरीरसंबंधही कलम ६८ खाली गुन्हा आहे. आईला एवढं जरूर सांगा की कलम ७२ मुळे लैंगिक अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यांत पीडितेचं नाव छापणं हाच गुन्हा आहे. सगळी कलमं त्यात येत नाहीत, म्हणून कौन्सिलकडच्या तक्रारीतही नाव गुप्त ठेवण्याची विनंती वेगळी लिहा. रुग्ण अठरा वर्षांखालची असती तर निवडीचा प्रश्नच नव्हता. पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याला कळवावंच लागतं, आणि गोव्यात २००३ च्या बाल कायद्याचं स्वतंत्र बाल न्यायालयही आहे.

अजून एक दार आहे, आणि ते डॉक्टरांनाही फारसं माहीत नसतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे असा समज आहे. त्यातली 'पीडित महिला' नोकरीत असलीच पाहिजे असं नाही, आणि 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत इस्पितळं आणि नर्सिंग होम स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे रुग्ण बाई इस्पितळाच्या अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. दवाखाना लहान असेल किंवा मालक स्वतःच डॉक्टर असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चवथीपर्यंत थांबायचं असं आईने ठरवलं असेल तर हा दिवसांचा हिशेब तिला समजावून सांगा.

कौन्सिलचा निर्णय विरुद्ध गेला तर काय, हेही आधीच कळलेलं बरं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात राज्य कौन्सिलविरुद्ध अपील करायचा हक्क डॉक्टरला दिला आहे. रुग्णाचं नाव त्या कलमात नाही, आणि रुग्णांची अपिलं आयोगाने परत पाठवलेली आहेत. हा अन्याय आहे असं मला वाटतं. रुग्णाच्याच तक्रारीवर उभ्या राहिलेल्या प्रकरणात शेवटचा शब्द ऐकायचा हक्क फक्त एकाच बाजूला कसा? तोवर वाट पर्वरीला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जाते, आणि त्यासाठी वकील लागतो.

हे वाचणाऱ्या पुरुष रुग्णांसाठीही लिहिते, कारण त्यांची पत्रं येतात आणि ती अर्धवट असतात. मुलग्यांना पॉक्सोचं संरक्षण आहे, पण प्रौढ पुरुषावर असा अत्याचार झाला तर नव्या संहितेतली बलात्कार आणि विनयभंगाची कलमं त्याला लागू होत नाहीत. ७.४ मध्ये मात्र 'रुग्ण' एवढंच लिहिलं आहे. तुमच्यासाठी कौन्सिलचं दार बाईइतकंच उघडं आहे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना 'खोट्या तक्रारींचं काय' असं वाटत असेल, तर त्यांनी सिस्टरला पडद्याच्या आत उभं करावं, तपासणीआधी दोन वाक्यं बोलावीत आणि केसपेपरवर एक ओळ लिहावी. मी स्वतः बाई असून तीस वर्षं हेच केलं. त्याला मिनिटभरही जास्त लागत नाही.

आता तुम्ही आज काय करायचं ते. बहिणीला प्रश्न विचारत बसू नका, घरातल्या पाच जणांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. तिला वही द्या, आणि तिला जमेल तेव्हा तिच्याच शब्दांत लिहू द्या: तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, त्याने काय सांगितलं, ती काय म्हणाली, बाहेर आल्यावर ती पहिल्यांदा कुणाशी बोलली. भाषा सुधारू नका. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच राहू द्या. त्या दिवशी तिने कुणाला फोन किंवा मेसेज केला असेल तर तो जपून ठेवा. तक्रारीवर सही तिची हवी, तुमची नको. तुम्ही तिच्यासोबत जा आणि बाहेरच्या बाकावर बसा.

तिची पाठ अजून दुखत असेल. या गडबडीत ते सगळे विसरतात. तिला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, आधी फोन करून सांगा की तपासताना सिस्टर किंवा तुमची वहिनी आत थांबेल, आणि तिकडून 'हो' आलं तरच जा.